पाय बांधून ठेवायचा की हलवायचा? दोन नर्सेस आणि एक जुना प्रश्न

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांना धड ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

काही वर्षांपूर्वी तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर ते मेसेज आले असतील. एक गोड बाळ, आणि खाली १६ कोटी रुपयांच्या इंजेक्शनसाठी मदतीचं आवाहन. आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी. यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशीच हळूहळू मरत जातात. तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्या इंजेक्शनच्या किमतीकडे होतं, माझंही होतं. पण डोक्यात एक प्रश्न राहून गेला. पैसे जमेपर्यंत, आणि इंजेक्शन मिळाल्यावरसुद्धा, त्या बाळाला रोज कुशीवर कोण वळवतं? त्याच्या छातीतला कफ मोकळा कोण करतं? पाय आखडू नयेत म्हणून दिवसातून चार वेळा कोण हलवतं?

हा प्रश्न घेऊन मी वाचायला लागले आणि थेट शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊन पोचले. हाडांचे, सांध्यांचे, स्नायूंचे आजार असलेल्या मुलांची शुश्रूषा हे एक वेगळं शास्त्र आहे, हे ज्यांच्यामुळे जगाला कळलं त्यात दोन बायकांची नावं ठळक आहेत. दोघी नर्स होत्या. आणि गंमत म्हणजे दोघींचा सल्ला वरवर पाहता एकदम उलटा होता. एकीच्या वॉर्डात मुलं महिनोन्‌महिने स्थिर झोपून असायची. दुसरी म्हणत होती, आधी त्याला बांधलंय ते सोडा.

पहिली गोष्ट इंग्लंडची. अ‍ॅग्नेस हंट, जन्म १८६६. लहानपणी पायाला एक साधा फोड आला. तो चिघळला, विष अंगात भिनलं, आणि संसर्ग खुब्याच्या हाडापर्यंत पोचला. प्रतिजैविकं नव्हतीच तेव्हा. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. ही मुलगी पुढे कुबड्या घेऊन नर्सिंग शिकली. आज एखाद्या कॉलेजात अशी मुलगी नर्सिंगला अ‍ॅडमिशन मागायला गेली तर काय उत्तर मिळेल, याचा विचार करून बघा.

१९०० साली हंट आणि तिची मैत्रीण एमिली गुडफोर्ड यांनी श्रॉपशर परगण्यातल्या बॅसचर्च या खेड्यात एक घर उघडलं. आजारातून उठणाऱ्या लोकांनी तिथे यावं, राहावं, बरं व्हावं, एवढाच उद्देश होता. पण यायला लागली ती मुलं. कुणाच्या मणक्याला, कुणाच्या खुब्याला, कुणाच्या गुडघ्याला टीबी. आपण टीबी म्हटलं की खोकला आणि फुप्फुसं आठवतो, पण त्या काळात न उकळलेल्या दुधातून गाईंचा टीबी मुलांपर्यंत पोचायचा आणि हाडांत, सांध्यांत घर करायचा. हाड पोखरलं जायचं, पाठीला कुबड यायचं, पाय आखूड व्हायचा.

आता अडचण अशी, की घराला जिना होता. प्लास्टरमध्ये, लाकडी चौकटीत झोपलेल्या मुलांना रोज वर-खाली उचलून नेणं शक्यच नव्हतं. म्हणून मग बागेत एका बाजूने उघड्या अशा शेड बांधल्या आणि मुलांच्या खाटा तिथे हलवल्या. इंग्लंडची थंडी, पाऊस, वारा, सगळं तिथेच. लोकांनी वेड्यात काढलं असेल. पण झालं उलटंच. मुलांची भूक वाढली, गालांवर रंग आला. अडचणीतून काढलेली वाट हीच पुढे उपचाराची पद्धत झाली. उघड्या हवेतलं अस्थिरोग रुग्णालय ही कल्पना बॅसचर्चच्या त्या शेडमध्ये रुजली.

स्वतःचा पाय दाखवायला हंट लिव्हरपूलला रॉबर्ट जोन्स या सर्जनकडे गेली, आणि त्या भेटीतून एक जोडी जमली. जोन्स नियमितपणे बॅसचर्चला यायला लागले, मुलांना तपासायला लागले, तिथेच ऑपरेशनं करायला लागले. जोन्स यांचे गुरू म्हणजे त्यांचे काका ह्यू ओवेन थॉमस. फ्रॅक्चरसाठी आजही वापरतात तो थॉमस स्प्लिंट त्यांचाच. थॉमस यांचं ठाम मत होतं, की आजारी सांध्याला विश्रांती द्या. अर्धवट नको, पूर्ण द्या. आणि घाई न करता दीर्घकाळ द्या.

हाडाच्या टीबीसाठी तेव्हाच्या परिस्थितीत हे बरोबरच होतं. औषध नसताना पोखरलेल्या हाडावर भार पडू न देणं हाच उपाय होता. पण इथे एक गोष्ट आपण विसरतो. मुलाला सहा महिने, वर्षभर स्थिर झोपवायचं हे डॉक्टर एका ओळीत लिहितो. ते निभवायचं नर्सला.

निभवायचं म्हणजे काय? एकाच जागी दाब आला की कातडी लाल होते, मग सोलते, मग जखम हाडापर्यंत जाते. त्यालाच आपण बेडसोर म्हणतो. म्हणून ठरावीक वेळाने मुलाला वळवायचं, तेही मणका न वाकवता, दोघींनी मिळून. प्लास्टर घातलं की बोटांकडे लक्ष ठेवायचं. नख दाबलं की पांढरं होतं, सोडलं की दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं गार पडली, निळसर झाली, मुंग्या यायला लागल्या, किंवा औषध देऊनही मूल कळवळून रडत राहिलं, तर प्लास्टर आवळतंय. अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचं नसतं. थांबलात तर काही तासांत पायाचे स्नायू मरू शकतात. प्लास्टरच्या आत खाज येते म्हणून मुलं पेन्सिल खुपसतात, तिच्या टोकाने जखम होते आणि बाहेरून कुणाला दिसत नाही. मग वासावरून ओळखायचं. झोपून झोपून बद्धकोष्ठ होतं, लघवीत खडे होतात, म्हणून पाणी पाजत राहायचं. आणि या सगळ्यावर, सात वर्षांचं ते मूल घरापासून लांब आहे, त्याला शाळा हवी, खेळ हवा, भांडायला कुणीतरी हवं.

हे सगळं आजही बालरुग्ण नर्सिंगच्या पुस्तकात जसंच्या तसं शिकवतात. हंटने त्यात आणखी दोन गोष्टी जोडल्या. एक म्हणजे घरी गेलेल्या मुलांसाठी आसपासच्या गावांमध्ये तपासणी केंद्रं, कारण वर्षभराची मेहनत घरी गेल्यावर दोन महिन्यांत वाया जाते हे तिने पाहिलं होतं. दुसरी म्हणजे या मुलांना मोठेपणी स्वतःच्या पोटापुरतं कमावता यावं म्हणून व्यवसाय शिकवणारी संस्था, १९२७ साली. तोवर रुग्णालय बॅसचर्चहून जवळच्या ऑस्वेस्ट्रीला गेलं होतं. ते आजही सुरू आहे, आणि त्याच्या नावात सर्जन जोन्स आणि नर्स हंट अशी दोघांची नावं आहेत. नर्सचं नाव सर्जनच्या बरोबरीने पाटीवर, असं किती ठिकाणी दिसतं?

इथे गोष्टीला वळण लागतं. टीबीच्या हाडासाठी उपयोगी पडलेला विश्रांतीचा नियम डॉक्टरांनी दुसऱ्या एका आजारालाही लावला. तो आजार म्हणजे पोलिओ.

पोलिओ हाडाचा आजार नाही. विषाणू तोंडावाटे आतड्यात जातो. बहुतेकांना काहीच होत नाही. साधारण २०० जणांमध्ये एकाला मात्र तो मज्जारज्जूतल्या चेतापेशींवर हल्ला करून कायमचं लुळेपण देतो. सुरुवातीला स्नायू भयंकर दुखतात, आखडतात. मग कुठला पाय, कुठला हात ढिला पडतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत डॉक्टरांचा हिशोब असा होता, की ज्या बाजूचे स्नायू शाबूत आहेत ते लुळ्या बाजूला ओढतील आणि पाय वाकडा होईल. म्हणून तो आधीच स्प्लिंटमध्ये, प्लास्टरमध्ये बांधून टाका. मुलं दुखऱ्या, आखडलेल्या अंगाने महिनोन्‌महिने बांधलेली राहायची. सोडल्यावर जे स्नायू वाचले होते तेही न वापरल्यामुळे सुकलेले असायचे.

आता दुसरी नर्स. एलिझाबेथ केनी, जन्म १८८०, ऑस्ट्रेलिया. तिच्याकडे नर्सिंगचं औपचारिक प्रमाणपत्र नव्हतं. क्वीन्सलंडच्या आडगावांमध्ये घोड्यावरून जाऊन ती आजाऱ्यांची सेवा करायची. तिने स्वतः सांगितलेली गोष्ट अशी: १९११ च्या सुमाराला एका शेतावरच्या लहान मुलीला बघायला ती गेली. मुलीचे पाय आखडलेले, हात लावला तरी किंचाळत होती. केनीने टूवूम्बा गावातले तिचे मार्गदर्शक डॉक्टर एनियस मॅकडॉनेल यांना तार केली. त्यांचं उत्तर आलं, की हा बालपक्षाघात दिसतो, यावर माहीत असलेला उपाय नाही, समोर जी लक्षणं दिसतील त्यांवर जमेल ते कर.

केनीला पोलिओचं पुस्तकी ज्ञान नव्हतं. बांधून ठेवायचं असतं हेही तिला माहीत नव्हतं. तिला दिसत होते आखडलेले, दुखरे स्नायू. तिने लोकरी ब्लँकेट फाडून पट्ट्या केल्या, उकळत्या पाण्यात बुडवल्या, पार कोरड्या होईतो पिळल्या आणि मुलीच्या पायांना गुंडाळल्या. आपल्याकडे याला एकच शब्द पुरे आहे, शेक! आजी नाही का मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून द्यायची, तसंच काहीसं. लोकर का, तर ती ऊब धरून ठेवते आणि नीट पिळली की चटका देत नाही. पट्ट्या फक्त स्नायूंवर, सांधे मोकळे. कळा थांबल्यावर ती पाय हळूहळू हलवायला लागली आणि मुलीला सांगायला लागली, की आता हा स्नायू आठव, मनाने त्याच्यापर्यंत पोच, मग मी हलवते आणि तूही हलव.

पहिल्या महायुद्धात ती सैनिकांना ने-आण करणाऱ्या जहाजांवर नर्स होती. तिथेच १९१७ मध्ये तिला 'सिस्टर' ही पदवी मिळाली. आपल्या दवाखान्यात आपण ज्या अर्थाने 'सिस्टर, जरा इकडे या' म्हणतो, तोच हा शब्द. १९२७ साली तिने रुग्ण नेण्यासाठी एका स्ट्रेचरचं पेटंट घेतलं आणि ते पैसे तिला पुढे उपयोगी पडले, कारण ती रुग्णांकडून फी घेत नसे. १९३० च्या दशकात टाउन्सव्हिलला तिने पोलिओच्या मुलांसाठी केंद्र सुरू केलं. आल्या आल्या स्प्लिंट काढून टाकायचे, शेक द्यायचा, हलवायचं.

डॉक्टर भडकले. क्वीन्सलंड सरकारने चौकशी आयोग नेमला. १९३८ मध्ये आयोगाने अहवाल दिला तो पूर्ण तिच्या विरोधात. स्प्लिंट काढणं धोक्याचं आहे, असा त्याचा सूर होता. पण आईवडील मुलांना घेऊन येतच राहिले, आणि सरकारनेही तिला पूर्ण बंद केलं नाही.

१९४० साली, साठीला टेकलेली ही बाई अमेरिकेला गेली. न्यूयॉर्क, शिकागो, कुठेच दाद लागली नाही. मायो क्लिनिकमधून तिला मिनियापोलिसला पाठवलं, कारण तिथे पोलिओचे रुग्ण होते. तिथल्या वॉलेस कोल, मायलंड नॅप, जॉन पोल या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. वाद न घालता तिला मुलांवर काम करू दिलं आणि बाजूला उभं राहून पाहिलं. मुलांच्या वेदना कमी होत होत्या, सांधे लवचिक राहत होते, पाय वाकडे होत नव्हते. १९४१ मध्ये कोल आणि नॅप यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तसं लिहिलं. १९४२ च्या डिसेंबरमध्ये मिनियापोलिसला सिस्टर केनी इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९४६ मध्ये तिच्यावर हॉलिवूडचा सिनेमा आला.

तुम्हाला वाटेल, झालं, हिरोइन जिंकली आणि व्हिलन डॉक्टर हरले. पण थांबा, इतकं सरळ नाहीये ते.

केनीचं निरीक्षण बरोबर होतं, पण तिची कारणमीमांसा चुकीची होती. तिचं म्हणणं होतं, की पोलिओ हा मुळात स्नायूंचा आजार आहे. तसं नाही. नुकसान मज्जारज्जूत होतं, आणि चेतापेशी मेली की कितीही शेक द्या, ती परत येत नाही. शिवाय आपल्या पद्धतीने किती मुलं बरी होतात याबद्दल ती मोठे दावे करायची. पोलिओत बरीच मुलं पहिल्या काही महिन्यांत आपोआपही सुधारतात. मग सुधारणा पद्धतीमुळे झाली की निसर्गक्रमाने, हे तुलना केल्याशिवाय कसं कळणार? १९४४ मध्ये अमेरिकी डॉक्टरांच्या एका समितीने हेच आक्षेप घेतले, आणि त्यात तथ्य होतं. त्यात केनीचा स्वभाव तापट. मतभेद म्हणजे अपमान, असं तिचं गणित.

आणि मुलांचं काय? त्या वॉर्डातून गेलेल्या अनेकांना म्हातारपणीही ओल्या गरम लोकरीचा वास आठवायचा, आणि तो वास काही सगळ्यांना आवडायचा नाही. म्हणजे उपचार प्रेमळ होता असंही नाही. पण बांधून ठेवण्यापेक्षा बरा होता. १९५२ साली केनी वारली. १९५५ मध्ये साल्क यांची लस आली. तोवर पोलिओच्या मुलांना महिनोन्‌महिने बांधून ठेवणं बहुतेक ठिकाणी थांबलं होतं. स्नायूंना पुन्हा शिकवणं हा विचार आजच्या फिजिओथेरपीत मुरला आहे, त्यात केनीचा मोठा वाटा.

आपल्याकडे मुंबईत ही लढाई लढली एका आईने. फातेमा इस्माइल, स्वातंत्र्यचळवळीतल्या कार्यकर्त्या. मुलीला पोलिओ झाला आणि उपचारांसाठी त्यांची वणवण झाली. आपल्याला निदान वणवण करता आली, गरिबाच्या मुलाचं काय, या विचाराने त्यांनी १९४७ साली अशा मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. हाजीअलीजवळचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय त्यातूनच घडलं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हाजीअलीच्या सिग्नलला थांबणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

आता पोलिओ भारतातून गेला. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला तसं प्रमाणपत्रही मिळालं. करंगळीवर शाईची खूण करून घेतलेली आपली पिढी. मग हा सगळा इतिहास आता कशाला?

कारण प्रश्न संपलेला नाही. आणि त्याचं उत्तर आजाराआजारात बदलतं, हेच या दोघींच्या गोष्टीतून मला समजलं. हंट बरोबर होती, कारण टीबीने पोखरलेलं हाड हलवणं घातक होतं. केनी बरोबर होती, कारण पोलिओत वाचलेला स्नायू न हलवणं घातक होतं. चूक झाली ती एका आजाराचा नियम न बघता दुसऱ्याला लावला तेव्हा.

आजची दोन उदाहरणं घ्या. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, यात मुलग्यांचे स्नायू हळूहळू झिजत जातात. अशा मुलाचा पाय मोडला आणि त्याला नेहमीसारखं सहा आठवडे अंथरुणात ठेवलं, तर तो पुन्हा कधी चालणारच नाही असं होऊ शकतं. म्हणून डॉक्टर त्याला शक्य तितक्या लवकर उभं करायचा प्रयत्न करतात. आणि जन्मतः पाऊल आत वळलेलं असतं तो क्लबफूट, साधारण हजार बाळांमागे एकाला. आयोवाचे डॉक्टर इग्नासिओ पॉन्सेटी यांच्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं सरळ करून नवं प्लास्टर घालतात, साधारण पाच-सहा वेळा. म्हणजे हलवायचंही आणि बांधायचंही! मग बहुतेकदा टाचेची शीर छोट्याशा छेदाने मोकळी करतात. खरी परीक्षा पुढे असते. बुटांना जोडलेली पट्टी तीन महिने दिवसाचे २३ तास घालायची, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रोज झोपताना. बाळ रडतं, आजीला दया येते, शेजारी म्हणतात, पाय तर सरळ दिसतोय, काढा की आता. काढला की पाऊल पुन्हा वळतं. आईला हे समजावून सांगणारी, तिचं रडणं ऐकून घेणारी आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणारी सिस्टर जिथे असते, तिथे पाय सरळ राहण्याची शक्यता वाढते. हंटने गावोगावी तपासणी केंद्रं काढली ती याचसाठी.

आणि ते १६ कोटींचं इंजेक्शन? ते उरलेल्या चेतापेशी वाचवतं, गेलेल्या परत आणत नाही. म्हणून इंजेक्शननंतरही बाळाला वळवणं, छाती मोकळी करणं, सांधे हलवत ठेवणं सुरूच असतं, वर्षानुवर्षं. ते घरी कसं करायचं हे आईबापांना शिकवायला कुणीतरी लागतं. त्या शिकवणाऱ्या हातांसाठी मात्र मला अजून एकही वर्गणीचा मेसेज आलेला नाही.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी अशा मुलाची काळजी घेत असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. आणि तुम्ही स्वतः नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट असाल, तर तुमचा अनुभव व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा, नाव न घेता आपण तो ऐकवू. पोलिओमुळे ज्यांचा श्वासच थांबला, त्यांच्यासाठी १९५२ साली कोपनहेगनमध्ये विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस हाताने श्वास दिला होता. ती गोष्ट पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, भेटू!